लाखेच्या आणि व्हिनाइलच्या जुन्या रेकॉर्ड्स घरी धुवायच्या आहेत: काय वापरावं, काय टाळावं?

प्रश्न: ट्रंकेतल्या_तबकड्या

नमस्कार मंडळी,

घरातली जुनी लोखंडी ट्रंक उघडली आहे. आत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) साधारण ६० तबकड्या (बहुतेक दहा इंची, नाट्यपदं आणि भावगीतं, त्यात बालगंधर्वांच्याच आठ-दहा), ३५ एलपी आणि डझनभर ईपी (व्हिनाइलच्या, अनुक्रमे मोठ्या आणि छोट्या तबकड्या) आहेत. सध्याची अवस्था अशी:

७८ च्या तबकड्यांची खाकी पाकिटं हात लावला की तुकडे होऊन गळतात. बहुतेकांवर राखाडी धूळ आहे. सात-आठ तबकड्यांवर चिकट, तेलकट थर आहे आणि रॉकेलसारखा वास येतो. दोन तबकड्यांना कडेपासून आत केसासारखी बारीक चीर गेली आहे.

एलपींवर पांढरे ठिपके आणि कोळिष्टकासारखी बुरशी आहे. दोन एलपी जाड, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात थेट ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर धुरकट डाग दिसतात.

शिवाय एक दहा इंची काळी तबकडी आहे. तिचं लेबल हाताने लिहिलेलं आहे, मधल्या भोकाशेजारी आणखी एक छोटं भोक आहे आणि भोकाच्या कडेला धातू चमकतो. वर पांढरट, मेणकट भुकटी आहे.

प्रश्न असे: सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालेल का? भांड्यांचा साबण? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. लेबलं भिजू नयेत म्हणून काय करावं? आणि वाळवायच्या कशा?

---

लाखबंद:

पहिलं काम: ती हस्तलिखित लेबलाची तबकडी बाजूला काढा आणि तिला पाणी, स्पिरिट, फडकं काहीही लावू नका. वर्णनावरून ती थेट ध्वनिमुद्रणाची लॅकर तबकडी आहे. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन त्यावर गाणं किंवा भाषण थेट कोरत असत. जादा भोक कोरणी यंत्रावर तबकडी घसरू नये म्हणून असतं. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नाही. त्या थरात मऊपणासाठी एरंडेल घालत, त्यातून कालांतराने बाहेर आलेलं ते मेदाम्ल आहे. थर आकसला की तो धातूवरून पोपडे धरून सुटतो आणि मग आवाज गेला तो गेलाच. अशी तबकडी बहुधा जगात एकच असते. स्वच्छ कागदी पाकिटात उभी ठेवा, सुई लावू नका, आणि ध्वनिमुद्रणांचं जतन करणाऱ्या संस्थेकडूनच तिचं डिजिटायझेशन करून घ्या. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींशी बोललात तर योग्य माणूस सापडेल.

आता ७८ च्या तबकड्या. लाख म्हणजे राळ, तीही दगडाची किंवा स्लेटची पूड, काजळी आणि थोडे सुती तंतू मिसळून दाबलेली. ओळखायला सोपी: वजनदार, अजिबात वाकत नाही, नखाने कडेला हलकेच टिचकी मारली तर चिनी मातीच्या बशीसारखा आवाज येतो. व्हिनाइलचा आवाज बद्द असतो. सगळ्याच ७८ लाखेच्या नसतात, उशिराच्या काही व्हिनाइलमध्येही निघाल्या, त्यामुळे फक्त वेग पाहून ठरवू नका. शंका असेल तर लाखेची समजूनच वागा.

स्पिरिटबद्दल ठाम उत्तर: लाखेला अल्कोहोल लावायचंच नाही. सुतार लाखेचं पॉलिश बनवतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. तेच तुमच्या तबकडीचं होईल. खाचेच्या भिंती आधी मऊ होतात, मग ब्रशने घासल्या जातात. वरून तबकडी आणखी काळी, चकचकीत दिसते आणि लोकांना वाटतं की छान निघाली.

धुण्याची माझी पद्धत:

द्रावण: १ लिटर डिस्टिल्ड पाणी आणि ०.५ मिली ट्रायटन एक्स-१०० किंवा टर्जिटॉल (साबणासारखं काम करणारी द्रव रसायनं). प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतं. ते मधासारखं घट्ट असतं, थेंबांचा भरवसा नाही, १ मिलीच्या सिरिंजने मोजा. आधी ५० मिली कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग बाकीच्या पाण्यात मिसळा. नाहीतर तळाशी लोळा बसतो आणि पहिली तबकडी कमी साबणात, शेवटची दसपट साबणात धुतली जाते.

ब्रश: ७८ ची खाच वरच्या तोंडाशी साधारण ०.१५ मिमी रुंद असते. साध्या टूथब्रशचा केस जवळपास ०.२ मिमी जाड, म्हणजे तो खाचेत उतरतच नाही, वरवर फिरतो. निमुळत्या टोकांचा अतिमऊ ब्रश घ्या किंवा चित्रकलेच्या दुकानातला बकरीच्या केसांचा एक इंची चपटा ब्रश.

टेबलावर जाड टॉवेलची घडी घाला आणि तबकडी त्यावर पूर्ण सपाट ठेवा. हवेत धरून घासायची नाही, लाख वाकत नाही, मोडते. आधी कोरड्या ब्रशने खाचेच्या दिशेने सुटी धूळ काढा. मग १५ ते २० मिली द्रावण लेबलापासून सेंटिमीटरभर दूर ठेवून पसरवा. खाचेच्या वळणानेच अर्धा मिनिट ब्रश फिरवा, दाब न देता. लगेच खळबळून डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मायक्रोफायबर कापडाने टिपा (पुसायचं नाही, टिपायचं) आणि उभी करा. एका बाजूचं ओलं काम तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, कारण आतले सुती तंतू पाणी पितात. पाणी खोलीच्या तापमानाचं. गरम पाण्याने लाख मऊ पडते आणि गरम-थंड झाल्यास तडकते.

चीर गेलेल्या दोन्ही तबकड्या धुऊ नका. द्रावणात भिजवून घट्ट पिळलेलं कापड घ्या, तेही चिरेला समांतर फिरवा, आडवं नाही. आडव्या घासण्याने कडेचा कण सुटला की तिथे कायमचा खट्ट. काही जुन्या कोलंबिया तबकड्या थर चिकटवून बनवलेल्या आहेत, आत कागद असतो. तिथे चिरेतून पाणी गेलं की थर फुगून वर येतो.

रॉकेलचा वास येतोय त्यांवर पूर्वी कुणीतरी चमक यावी म्हणून तेल-रॉकेल फिरवलेलं असणार. त्या तेलाने धूळ धरली आणि खाचेत चिखल झाला. अशांसाठी द्रावण तीव्र करा, लिटरला ५ मिली. एकदा धुऊन खळबळा आणि मग नेहमीच्या द्रावणाने दुसऱ्यांदा. दोनदा पुरतं. तरी चिकट लागली तर आठवडाभर थांबून तिसऱ्यांदा, सलग नाही.

---

एलपी_कपाट:

लाखबंद यांनी ७८ चं सगळं सांगितलंच आहे. एलपी आणि ईपींचं बोलतो.

बुरशी आहे म्हणजे काम गच्चीत किंवा अंगणात, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. आणि इथे कोरडा ब्रश आधी नको, बीजाणू उडून नाकात आणि उरलेल्या तबकड्यांवर जातात. थेट ओलं करायचं. जुनी आतली कागदी पाकिटं टाकून द्या. बुरशी त्यांच्यातच असते, धुतलेली एलपी परत त्यात घातली की पावसाळ्यात पुन्हा तेच. बाहेरचं चित्राचं कव्हर कोरड्या मऊ ब्रशने बाहेरच झाडून दोन-तीन दिवस हवेशीर सावलीत उघडं ठेवा.

लेबल वाचवण्यासाठी घरगुती टोपी करता येते. लेबलाचा व्यास मोजा, एलपीचं साधारण दहा सेंटिमीटर असतं. त्याहून किंचित मोठी प्लास्टिक डब्याची दोन झाकणं घ्या, प्रत्येकाच्या कडेला ३ मिमी मऊ फोमची गोल पट्टी चिकटवा, मधून ६ मिमीचा बोल्ट आणि विंग नट. दोन्ही बाजूंनी झाकण लावून बोटाने जेमतेम आवळा. एका निरुपयोगी एलपीवर आधी पाणी सोडून गळतंय का पाहा. लेबलाची शाई, विशेषतः लाल आणि निळी, ओली झाली की लगेच पसरते, आणि दुकानाचा शिक्का किंवा मालकाची सही असेल तर ती आधी जाते.

एलपीसाठी मी वरच्याच द्रावणात १० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतो: ९०० मिली ते द्रावण, १०० मिली ९९ टक्क्यांचं अल्कोहोल. बोटांचे ठसे आणि बुरशीची चिकटलेली मुळं सुटायला त्याने मदत होते. पंधरा टक्क्यांपुढे जाऊ नका. गॅसजवळ, उदबत्तीजवळ हे काम नको, ते पेट घेतं.

क्रम असा: टोपी लावा, दर बाजूला २० मिली द्रावण, एक मिनिट मुरू द्या, मग बकरीच्या केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने पाच-सहा फेरे एका दिशेने, तितकेच उलट दिशेने. एलपीची खाच ७८ च्या खाचेच्या निम्म्याहून कमी रुंद असते, म्हणून इथे मऊ बारीक केसच हवेत. नायलॉनचा ताठ ब्रश, कागदी नॅपकिन, जुना सुती बनियन हे सगळं बाद. नॅपकिनचा लगदा खाचेत राहतो आणि सुईच्या टोकाला गोळा होतो.

मग धुणं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. ब्रशने घाण सुटते, पण खाचेतून बाहेर जात नाही, पाण्यात तरंगत तिथेच असते. ते पाणी वाळलं की घाण पुन्हा तळाशी, आता साबणासकट. म्हणून खळबळण्याला घासण्याइतकंच महत्त्व. एलपी तिरपी धरून टोकदार तोंडाच्या बाटलीने वरून खाली दर बाजूला १५० ते २०० मिली पाणी सोडा. एका तबकडीला एकूण अर्धा लिटर धरा. तुमच्या शंभरेक तबकड्यांना ५० लिटर, म्हणजे पाच लिटरचे दहा कॅन. पहिलं खळबळणं आरओच्या पाण्याने आणि शेवटचं डिस्टिल्डने केलं तर निम्म्यात भागतं.

वाळवायला लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचं ताटाळं उत्तम. दोन तबकड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर. पंखा थेट नको, हवेतली धूळ ओल्या पृष्ठभागावर बसते. ऊन आणि हेअर ड्रायर तर नाहीच, व्हिनाइल पन्नास-साठ अंशांना आकार सोडायला लागतं आणि मे महिन्यातल्या उन्हात काळी तबकडी तेवढी सहज तापते.

हाताने फिरवायच्या टाकीचं स्पिन-क्लीन किंवा नोस्टी घेतलंत तर काम भरभर होतं, पण बुरशीच्या तबकड्या त्यात एकदम टाकू नका. एकीची घाण दुसरीला लागते. आधी वरच्या पद्धतीने एक हात फिरवून मग टाकीत, आणि पाणी गढूळ दिसायच्या आधीच बदला.

---

द्रावण_आणि_दर्जा:

एलपी_कपाट दादांच्या अल्कोहोलवर थोडं वेगळं म्हणायचं आहे. १० टक्के, एखाद्या मिनिटाचा संपर्क, यात व्हिनाइलचं नुकसान होतं असं मी म्हणत नाही. पण अभिलेखागारांच्या प्रचलित कृतींत अल्कोहोल नसतं, फक्त डिस्टिल्ड पाणी आणि टर्जिटॉलसारखा आयनविरहित वेटिंग एजंट असतो. व्हिनाइलच्या मिश्रणात स्थिरता देणारी द्रव्यं घातलेली असतात, ती वारंवार ओढून बाहेर काढण्याची गरज काय? बुरशी आणि ठशांच्या पहिल्या धुलाईला ठीक, नंतरच्या प्रत्येक धुलाईला नको. आणि घरात दोन बाटल्या ठेवाल तर अल्कोहोलच्या बाटलीवर ठळक अक्षरांत «लाखेला नाही» असं लिहून ठेवा. चूक बाटली उचलताना होते.

वेटिंग एजंट कशासाठी? नुसतं पाणी प्लास्टिकवर थेंब धरून बसतं, खाचेच्या तळापर्यंत उतरत नाही. एजंटमुळे त्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी पसरून आत जातं. हे काम लिटरला अर्ध्या मिलीत होऊन जातं. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ असं नाही, फक्त खळबळायला जास्त पाणी लागतं.

भांड्यांच्या साबणात रंग, सुगंध, मीठ आणि हात मऊ ठेवणारी द्रव्यं असतात. यातलं निम्मं खाचेत मागे राहतं. अगदीच अडचण असेल तर रंग-वास नसलेला साधा द्रव साबण लिटरला चार थेंब, आणि दुप्पट खळबळणं. रिठ्याचं पाणी बरेच जण सुचवतात. रिठा फेस करतो हे खरं, पण त्यासोबत वनस्पतीचा चिकट अंशही येतो, आणि प्रत्येक वेळी ताकद वेगळी. रेशमी साडीला चांगलं, तबकडीला नाही. धुण्याचा सोडा, टाकणखार, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी हे लाखेला स्पिरिटइतकंच वाईट. लाख आम्लारीतही विरघळते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सॅनिटायझर दोन्हींना नाही. त्यात ग्लिसरिन असतं, त्याचा थर बसतो. सर्जिकल स्पिरिटमध्येही काय काय मिसळलंय ते बाटलीवर धड लिहिलेलं नसतं.

बोअरच्या पाण्याचा हिशेब करून पाहा. त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि एका बाजूवर १ मिली पाणी वाळलं, तर ०.३ मिलिग्रॅम खडे खाचांमध्ये उरले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सुईला तो प्रत्येक खडा टिक्-टिक् वाजतो. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्डचाच. एसीच्या नळीचं पाणी शुद्ध समजून वापरतात, त्यात जाळीवरची धूळ आणि जंतू असतात. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी घेताना कॅनवरचं लेबल दोनदा वाचा, तसाच दिसणारा कॅन बॅटरीच्या ॲसिडचाही असतो.

---

ट्रंकेतल्या_तबकड्या:

सर्वांचे मनापासून आभार. लॅकर तबकडी वेगळी काढून ठेवली आहे.

एलपी_कपाट दादांच्या पद्धतीने तीन एलपी धुतल्या. दोन छान शांत झाल्या. तिसरी मात्र धुण्याआधीपेक्षा जास्त करकरते. असं का व्हावं? दुसरं, फेव्हिकॉल ओतून वाळल्यावर सोलून काढायची पद्धत व्हिडिओत दाखवतात, ती कितपत खरी? आणि त्या धुरकट डागांचं काय?

---

सुई_आणि_खाच:

करकर वाढण्याची कारणं तीन-चारच असतात, एकेक तपासा.

आधी सुई बघा. धुतल्यानंतर पहिल्या वाजवण्यात खाचेतला उरलेला गाळ सुई नांगरासारखा ओढते आणि टोकाला राखाडी बोंडूक जमतं. बोंडकासकट वाजवलं तर दोन मिनिटांत आवाज फाटतो. कोरड्या बारीक ब्रशने सुई मागून पुढे, म्हणजे आपल्या दिशेने, साफ करा. आडवं किंवा उलट फिरवलं तर सुईचा दांडा वाकतो. प्रत्येक धुतलेल्या बाजूनंतर हे करा.

मग एलपी टॉर्चच्या तिरप्या उजेडात, दहापट भिंगाखाली पाहा. खाचेत मळकट धागा दिसला तर घाण मऊ झाली आहे पण निघाली नाही. पुन्हा धुवा, यावेळी साबण तोच आणि खळबळण्याचं पाणी दुप्पट. वर्षानुवर्षांची घाण पहिल्या धुलाईत फक्त फुगते, दुसऱ्या धुलाईत निघते. हे अगदी नेहमीचं आहे, घाबरू नका.

खाच स्वच्छ आहे पण चट् चट् असा अनियमित आवाज येतो आणि तबकडी पाकिटातून काढताना हाताचे केस उभे राहतात, तर ती स्थिर वीज. कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन फेरे हलकेच टेकवा आणि बाहेरच्या बाजूला सरकवत उचला.

आणि चौथी शक्यता, जिला इलाज नाही: खाच झिजलेली आहे. ओळख अशी की करकर सगळीकडे सारखी नसते, जोरकस सुरांवर आणि «स», «श» वर आवाज चरचरतो, शांत जागी बरा असतो. पूर्वी जाड सुईने किंवा जास्त वजनाने वाजवल्याचा तो परिणाम. धूळ गेल्यामुळे तो आता उघडा पडतो, इतकंच. ७८ च्या बाबतीत पोलादी पिनांनी खाच खाल्लेली असेल तर ती जागा करडी दिसते, तो करडेपणा धुऊन जात नाही. शिवाय लाखेतल्या दगडाच्या पुडीमुळे जो सतत शूऽऽ आवाज येतो तो तिच्या जन्माचाच आहे. तो घालवायला घासत बसू नका.

बुरशीचंही असंच. बुरशी निघते, पण बराच काळ बसलेली असेल तर तिच्या खालचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. ठिपका गेला, आवाज राहिला, तर तिथेच थांबा.

फेव्हिकॉल: लाखेवर कधीच नाही. तो लाखेला घट्ट धरतो आणि सोलताना पृष्ठभाग सोबत येतो. एलपीवर तत्त्वतः चालतो, कारण वाळल्यावर त्याचा रबरासारखा पापुद्रा होतो आणि घाण त्यात अडकते. पण दर बाजूला ६०-८० मिली सारख्या जाडीने पसरावा लागतो, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत कित्येक तास सोडावा लागतो आणि आपल्या दमट हवेत तो रात्रभरातही नीट वाळत नाही. एखादी जागा पातळ राहिली की पापुद्रा तिथे तुटतो आणि खाचेत उरलेला तुकडा सुईखाली येतो. तो काढायला त्यावर पुन्हा जाड थर देऊन सोलावं लागतं. सोलताना स्थिर वीजही भरपूर तयार होते. माझं मत: पाण्याने न सुटणारी आणि दुसरी प्रत सहज मिळेल अशी एलपी असेल तरच. तुमच्या ट्रंकेतल्या तबकड्यांवर नको.

धुरकट डाग: मऊ पीव्हीसीच्या पाकिटातला मऊपणा आणणारा पदार्थ तबकडीत उतरला आहे. डागाचा आकार पाकिटाच्या घडीशी किंवा हवेच्या फुग्याशी जुळतो का पाहा, जुळला तर तेच. एकदा धुऊन बघा, वरचा चिकटपणा जाईल, धुरकटपणा बहुधा राहील आणि त्या जागी सळसळ ऐकू येईल. पृष्ठभागच बदललेला असतो, त्यामुळे अल्कोहोलचं प्रमाण वाढवून उपयोग नाही. ती पाकिटं मात्र आजच फेका, आणि इतर एलपींच्या बाहेरच्या कव्हरांवर तसलं प्लास्टिक असेल तर तेही.

अल्ट्रासॉनिक (पाण्यात ध्वनिलहरी सोडून धुणाऱ्या) टाकीबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. ४० किलोहर्ट्‌झच्या टाकीत एलपी सावकाश फिरती ठेवून पाच ते दहा मिनिटं, पाणी ३५ अंशांच्या आत. यंत्र चालू असताना पाणी आपोआप तापतं, थर्मामीटर टाकून ठेवा आणि मध्ये थांबा. चष्मे-दागिने धुवायच्या टाकीत एलपी स्थिर उभी करून चालू केली तर एकाच जागी मारा होतो. चीर गेलेली लाख त्यात अजिबात नाही.

आणि कृपा करून एलपी चावीच्या ग्रामोफोनवर वाजवून «धुतल्याने फरक पडला का» ते पाहू नका. त्याच्या साउंडबॉक्सचं (पिन बसवलेल्या डोक्याचं) वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं, एलपीची सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. एका फेरीत खाच संपते. उलट ७८ साठी एलपीची सुईही नको. ती रुंद खाचेच्या तळाशी, सगळा गाळ असतो तिथे घासत जाते, आणि तुम्हाला वाटतं तबकडी धुतलीच गेली नाही. ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, ती भिंतींवर टेकते.

---

कोकणातली_फडताळं:

धुण्याचं सगळं आलं. वाळवणं आणि ठेवणं यावर थोडं, कारण आमच्याकडे रत्नागिरीच्या हवेत मेहनत तिथेच वाया जाते.

लाखेच्या तबकड्या धुवायच्या तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर मुळीच नाही, ताटाळ्यात दोन दिवस ठेवल्या तरी आतला ओलावा जात नाही. कोरड्या दिवसांतही पाकिटात घालण्यापूर्वी पूर्ण एक दिवस उभ्या ठेवा. एलपीला चार-पाच तास पुरतात, पण लेबलाच्या कडेला बोट लावून गार लागतंय का पाहा. गार म्हणजे अजून ओलं.

पाकिटं: एलपीला आतून पॉलिथिनचं, तेही न चिकटणारं, किंचित खरखरीत वाजणारं. ७८ ला आम्लरहित जाड कागदाचं, पॉलिथिन नाही, त्यात लाखेचा ओलावा कोंडतो. जुन्या खाकी पाकिटांवर दुकानाचं नाव, किंमत, तारीख असते. ती टाकण्याआधी फोटो काढा. तबकडीवर लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांकही टिपून घ्या. बालगंधर्वांच्या तबकड्यांची नेमकी ओळख त्याच आकड्यावरून पटते, लेबलं पुढच्या छपाईत बदलत असत.

ठेवायच्या उभ्याच, तिरप्या नाहीत, आणि दहा इंची व बारा इंची वेगळ्या. ७८ च्या शंभर तबकड्या वीसेक किलो भरतात, पातळ प्लायची फळी वर्षात वाकते आणि तबकड्या कलतात. भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात ट्रंकेतच ठेवणार असाल तर अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत. डांबराच्या गोळ्या आणि कापूर मात्र ट्रंकेतून काढा. कपड्यांना ठीक, पण त्यांची वाफ प्लास्टिकमध्ये मुरते, आणि तुमची ती लॅकरची तबकडी तर नायट्रोसेल्युलोजची आहे, ती कापराने मऊच पडते.

---

ट्रंकेतल्या_तबकड्या:

डांबराच्या गोळ्या होत्या, काढल्या. तिसरी एलपी दुप्पट पाण्याने पुन्हा धुतली, सुईवर खरंच बोंडूक होतं. आता पहिल्या दोन मिनिटांत एखाद-दुसरा टिक् सोडला तर शांत वाजते आहे. ७८ च्या तबकड्यांना डिसेंबरपर्यंत हात लावत नाही. तोवर कागदाची पाकिटं कापून ठेवतो आणि क्रमांक वहीत उतरवतो.

---

लाखबंद:

उत्तम. क्रमांक उतरवताना तबकडी कडेने आणि लेबलाने धरा, तळहात खाचांवर टेकवू नका. आणि डिसेंबरमध्ये सुरुवात बालगंधर्वांपासून करू नका. आधी सर्वांत झिजलेल्या, कुणी मागणार नाही अशा तीन-चार तबकड्यांवर हात बसू द्या.